ओवीखाली गायिकेचे नाव : ‘जात्यावरच्या ओव्या’ या खुल्या संग्रहाचे परीक्षण

‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’, म्हणजेच ‘पारी’, या संकेतस्थळावरील ‘जात्यावरच्या ओव्या’ हे दालन २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. ते मराठीचे आहे, मराठी बायांनी भरलेले आहे, आणि तरीही मराठी वाचकांच्या गप्पांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. म्हणून एखाद्या ग्रंथालयाचे किंवा व्याख्यानमालेचे करावे तसे त्याचे परीक्षण करावे, असे वाटले. येथे पैसे भरावे लागत नाहीत. फोन आणि बऱ्यापैकी नेट एवढेच पुरते. पी. साईनाथ यांनी २० डिसेंबर २०१४ रोजी सुरू केलेल्या या संकेतस्थळावर ग्रामीण भारतातील माणसे, त्यांचे कष्ट, कला आणि भाषा यांची नोंद अनेक भारतीय भाषांतून होत असते. ओव्यांचे दालन हा त्या मोठ्या वाड्याचा एक सोपा आहे. पण माझ्या मते सर्वांत जास्त राबता तेथेच असायला हवा.

ओव्या पारीने स्वतः गोळा केलेल्या नाहीत. ते श्रेय हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या पुण्यातील सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांचे आणि त्यांच्याबरोबर गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांचे आहे. पॉइटवाँ जन्माने फ्रेंच. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. १९८०च्या दशकात हे दोघे पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या डोंगराळ भागात ‘गरीब डोंगरी संघटने’च्या माध्यमातून काम करीत होते. रेशन, पाणी, जमीन, दारू अशा प्रश्नांवर बायांच्या बैठका होत. ज्या बाया सभेत चार शब्द बोलायला संकोचत, त्या ओवीत मात्र सासर, माहेर, दारिद्र्य, मुलीचा जन्म यांविषयी बिनदिक्कत बोलत, हे या दोघांच्या ध्यानात आले आणि ओवी हे त्या बैठकांचे साधन झाले. आधी ओवी म्हणायची, मग तिच्यावर बोलायचे. पुढे हे काम वाढत जाऊन महाराष्ट्रातील हजारावर खेड्यांतून, तीन हजारांहून अधिक गायिकांकडून, सुमारे १ लाख १० हजार ओव्या जमल्या. फ्रेंच संगीत-संशोधक आणि संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्या मदतीने १९९०च्या दशकात त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण झाले. ते सुमारे १२० तासांचे आहे. पॉइटवाँ २००४ साली वारले आणि त्यानंतर काही वर्षांनी राईरकरही गेल्या. हा सगळा ठेवा पारीने पुढे चालविला.

हा इतिहास परीक्षणात विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, या संग्रहाचा चांगला-वाईट सगळा स्वभाव त्यातूनच आलेला आहे. लोकसाहित्य जमविण्याची परंपरा मराठीत मोठी आहे. साने गुरुजींनी ओव्या जमविल्या, राज्य लोकसाहित्य समितीने खंडामागून खंड काढले, आणि त्या कामाचे ऋण कुणी नाकारू नये. पण त्या छापील संग्रहांत ओवी बहुधा बेवारस असते. ती ‘लोकांची’ असते, म्हणजे कुणाचीच नसते. पारीवर एखादे पान उघडले की, वर गायिकेचे छायाचित्र आणि तिच्या गावाची हकीगत, मध्ये ध्वनिफीत, तिच्याखाली एकेका ओवीची अक्षरे आणि अगदी शेवटी एक साधी यादी दिसते : गायिका, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुले, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख. ‘दोन मुलगे, एक मुलगी’, ‘शेतमजुरी’ इतक्या कोरड्या शब्दांत ती यादी असते, आणि मला त्या पानावरील सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते. सातबाऱ्यावर, घरपट्टीच्या पावतीवर, कधीकधी रेशनकार्डावरही जिचे नाव उशिरा चढले किंवा चढलेच नाही, तिचे नाव येथे तिच्या शब्दांखाली, तारखेनिशी आहे.

त्या यादीतील ‘जात’ हा रकाना काही वाचकांना खटकतो, असे मी ऐकले आहे. मला तो आवश्यक वाटतो. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांच्या ओव्या तेथे ऐकाव्यात. १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या या ओव्यांत विठ्ठल-रखुमाईच्या जागी बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. छंद तोच, जाते तेच, ‘पहिली माझी ओवी’ म्हणण्याची रीतही तीच. पण ज्याला ती वाहायची ते दैवत बायांनी स्वतः बदलले आहे. १९५६च्या धर्मांतराविषयी ग्रंथ पुष्कळ आहेत. घरातल्या अक्षरओळख नसलेल्या बाईने ते धर्मांतर पहाटेच्या दळणात कसे आणून बसविले, हे मात्र मला या पानांवर प्रथम कळले. रकाना काढून टाकला तर हीच ओवी ‘ग्रामीण स्त्रियांची भक्तिभावना’ अशा गुळमुळीत मथळ्याखाली गेली असती.

ध्वनिफितीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण या सेवेचा खरा कस तेथे लागतो. ओवी छापली की दोन ओळींची होते आणि वाचायला तिला काही क्षणच पुरतात. ऐकताना तीच ओवी बराच वेळ चालते. गायिका पहिली ओळ अर्धी म्हणून थांबते, परत मागे जाते, ‘बाई’, ‘सांगते’, ‘गं’ असे शब्द मध्ये घालून श्वासाला जागा करते, मग ओळ पुरी करते. जोडीला दुसरी बाई असली तर ती शेवटचे शब्द उचलून धरते. जात्याचा फेरा जेवढा, तेवढी ओळ. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे मूठमूठ धान्य, घालायची, आणि या दोन्ही कामांच्या मधल्या फटीत शब्द बसवायचे, ही कारागिरी कागदावर उरतच नाही. हे ध्वनिमुद्रण स्टुडिओत झालेले नाही, घराच्या ओसरीवर झालेले आहे. ज्यांना स्वच्छ, गाळून घेतलेला आवाज हवा असतो त्यांचा थोडा हिरमोड होईल. मला तो आवाज तसाच असलेला बरा वाटतो.

परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचे पान त्यासाठी मुद्दाम ऐकावे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या महाराष्ट्रात सर्वत्र म्हणत आणि त्यांतील राम हा बहुधा मर्यादापुरुषोत्तम नसून बायकोला घराबाहेर काढणारा नवरा असतो, हे आपण अभ्यासकांच्या लेखांतून वाचलेले असते. तो दुःखाचा आणि रागाचा सूर गंगूबाईंच्या गळ्यातून ऐकल्यावर लेखाची गरज उरत नाही. त्यांच्या गाण्याचे विश्लेषण करायला माझी लेखणी धजत नाही, म्हणून पुढे जातो.

अशा उपक्रमाने गावाला काय मिळते, हा प्रश्न परीक्षणात टाळता येणार नाही. अभ्यासकाला काय मिळते ते उघड आहे : प्रबंध, लेख, परिसंवाद. गावाला मिळते ते मोजायला कठीण आणि दाखवायला सोपे आहे. पुरंदर तालुक्यातील एका वाडीवर आमच्या नात्यातले लग्न होते. हळद दळण्यासाठी जाते बाहेर काढले होते, त्याला हळकुंड-सुपारी बांधली होती. दुपारी बाया निवांत बसल्या असताना मी फोनवर मुळशीकडच्या ओव्यांचे एक पान लावले. आवाज लांबवर जाईना, म्हणून कुणीतरी फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला, आणि मग तो चांगला घुमला. तिसऱ्या-चौथ्या ओवीला सत्तरीच्या एक मावशी म्हणाल्या, “आगं, ह्यो गळा आमच्याकडचा न्हाई,” आणि तीच ओवी त्यांनी आपल्या चालीत म्हणून दाखविली. शब्दही थोडे वेगळे होते. दुसऱ्या एकीने त्यांना टोकले, तिसरीने पुढची ओवी जोडली. फोन पातेल्यात एकटाच गात राहिला, तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. मावशींची सून चकित होऊन म्हणाली, “आत्याबाई, इतक्या वर्षांत तुमी कधी म्हटली न्हाई!” त्यावर मावशींचे उत्तर असे : “गिरनीत रांगंला उभं ऱ्हाऊन ओव्या म्हनायच्या व्हय?”

माझ्या दृष्टीने या सेवेचे सर्वांत मोठे यश ते होते. संग्रहातील ओवीने त्या बायांना ‘आपला वारसा’ वगैरे काही दाखविला नाही. तिने त्यांना चूक काढायला जागा दिली. दुसऱ्या तालुक्यातील कुणीएक बाई नावानिशी समोर होती, म्हणून तिच्याशी वाद घालता आला. निनावी ओवीशी असा वाद घालता येत नाही, ती नुसती ऐकून घ्यावी लागते. आणि सासू-सुनेमध्ये एरवी ज्या विषयांवर बोलणे होत नाही, म्हणजे माहेरची ओढ, पहिल्या बाळंतपणाची भीती, नवऱ्याचे पिणे, त्या विषयांवर त्या दुपारी ओवीच्या आडून का होईना, बोलणे झाले. राईरकर आणि पॉइटवाँ यांनी मुळशीत जे साधन म्हणून वापरले, ते पातेल्यातील फोनमधूनही काही प्रमाणात चालते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या त्या मालेने आणि तिच्या अनुकरणाने गावोगावी निघालेल्या मालांनी महाराष्ट्राला ऐकायला शिकविले, हे मान्यच आहे. मीही त्या मांडवातच वाढलो. पण तेथे जाणता व्यासपीठावर आणि बाकीचे सतरंजीवर किंवा खुर्चीवर, ही मांडणी काही बदलली नाही. व्याख्यानानंतर प्रश्न विचारणारे पुरुष तेच, पहिल्या रांगेत बसणारेही तेच. ओव्यांच्या संग्रहात ज्ञान गावातून आलेले आहे आणि वर्गवारी, लिप्यंतर, संगणकात भरणे यांतही गावातली माणसे होती. मुळशी तालुक्यातील नांदगावच्या कुसुम सोनवणे या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या; त्यांनी ओव्या गायल्याही आणि इतरांकडून गोळाही केल्या. गायिका आणि संग्राहक एकच असणे ही आपल्याकडे फार दुर्मीळ गोष्ट आहे.

आता उणिवा. पहिली उणीव निवेदनाच्या भाषेची. मराठी आवृत्ती आहे आणि ती नीट केलेली आहे. परंतु पुष्कळशा पानांवरील प्रास्ताविक मजकुराचा रोख बाहेरच्या वाचकाकडे आहे. जाते म्हणजे काय, वारी म्हणजे काय, हे त्यात समजावून सांगितलेले असते. मराठी वाचकाला ते नको असते. त्याला हवे असते ते दुसरेच : मावळातील अमुक शब्दाचा अर्थ काय, तमुक दागिना कोणत्या जातीच्या बाया घालत, ‘बंधू’ लुगडे घेऊन येतो ती पेठ कोणती, या ओवीचा दुसरा पाठ कोठे आहे. इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकाचा मराठी अनुवाद पुरेसा नाही. मराठी वाचकासाठी वेगळे लिहिले पाहिजे. हे काम पारीनेच करावे असे नाही. मराठी विभाग असलेल्या महाविद्यालयांना एम.ए.च्या प्रकल्पांसाठी यापेक्षा चांगला विषय सापडणार नाही.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. मूळ संग्रहाची मांडणी विषयवार आहे : आई, भाऊ, सासर, मुलगी, सीता, पाऊस, विठ्ठल. अभ्यासाला ती अत्यंत सोयीची आहे. परंतु एका पहाटेत एकीने म्हटलेल्या ओव्या त्यामुळे वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. भावाच्या कौतुकावरून बाई एकदम पावसावर का गेली आणि पावसावरून परत मुलीच्या लग्नावर कशी आली, हा जो मनाचा प्रवास असतो तो कप्प्यांत दिसत नाही. ध्वनिफितींच्या पानांवर हा क्रम बऱ्याच अंशी परत मिळतो. पण १२० तासांच्या बाहेरच्या, केवळ वहीत उतरवून घेतलेल्या हजारो ओव्यांचा सूर आणि क्रम आता मिळणार नाही. संग्राहकांना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही; त्या काळी टेपरेकॉर्डर घेऊन डोंगर चढणे आणि सेल जपून वापरणे हे आजच्यासारखे सोपे नव्हते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे आणि ती नावाच्या जमेच्या बाजूतूनच निघते. ओवीतला ‘मी’ हा नेहमी खरा नसतो. जिची सासू तिच्यावर लेकीसारखी माया करते, तीही सासुरवासाच्या ओव्या म्हणते, कारण त्या ओव्या तिला आईकडून, आजीकडून, चुलत जावेकडून आलेल्या असतात. ओवीखाली नाव, गाव आणि मुलांची संख्या आली की, वाचक ती ओवी त्या बाईचे आत्मचरित्र समजून वाचू लागतो, आणि गावातला वाचक तर लगेच कुणाची सासू ते शोधू लागतो. या सार्वजनिक ‘मी’ची कल्पना प्रत्येक पानावर दोन वाक्यांत देता आली असती, तर बरे झाले असते. नाव काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हे मात्र ठामपणे म्हणतो.

पारीच्या पथकाने २०१७च्या सुमारास जुन्या गायिकांचा गावोगाव पुन्हा शोध घेतला, ज्या हयात होत्या त्यांची नवी छायाचित्रे आणि चित्रफिती केल्या, हे या सेवेचे विशेष कौतुकास्पद अंग आहे. एकदा येऊन माहिती नेणारे पुष्कळ असतात; वीस वर्षांनी परत येऊन ‘हे तुमचे, ऐका’ म्हणणारे थोडे. तरीही ही परतफेड पथकाच्या पायपिटीवर अवलंबून राहू नये. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये ११-१२ हजारांच्या आसपास आहेत. त्यांतील पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या चार पुरुषांपलीकडे वर्दळ नसते. अशा ग्रंथालयाने महिन्यातून एक दुपार बायांसाठी ठेवावी, एक स्पीकर आणावा आणि आपल्याच तालुक्यातील किंवा शेजारच्या तालुक्यातील ओव्यांचे पान लावावे. वक्ता लागत नाही, मानधन लागत नाही, हारतुरे तर मुळीच लागत नाहीत. बचत गटाच्या बैठकीनंतरची अर्धी घटकाही चालेल. फक्त सूत्रसंचालन करायला कुणी उत्साही तरुण उभा राहू नये, एवढी काळजी घ्यावी. तो बोलू लागला की बाया पदर सावरून गप्प होतात.

शाळांसाठी मात्र मी थोडा हात राखून शिफारस करीन. भूपाळी, माहेर, भाऊ-बहीण यांच्या ओव्या वर्गात सहज चालतील. परंतु मुलीचा जन्म, नवऱ्याची मारझोड, दुसरी बायको अशा विषयांवरील ओव्या शिक्षकाने आधी स्वतः ऐकाव्यात आणि मगच लावाव्यात. ‘आजीकडून एक ओवी उतरवून आणा’ हा गृहपाठ उत्तम आहे. फक्त ओवीबरोबर आजीचे नाव, माहेरचे गाव आणि ती ओवी तिने कुणाकडून ऐकली हेही लिहून आणायला सांगावे. माहेरचे गाव विशेष महत्त्वाचे, कारण ओवी लग्नाबरोबर प्रवास करते आणि सासरच्या गावाच्या नावाने ती नोंदली की तिची वाट पुसली जाते.

एकंदरीत, फुकट मिळणाऱ्या आणि पैसे मोजूनही न मिळणाऱ्या ज्या थोड्या सेवा मराठीत आहेत त्यांत मी हिची गणना करतो. नव्या माणसाने सुरुवात माजलगावच्या पानांपासून करावी, मग ताडकळसला जावे, आणि मुळशीच्या ओव्या शेवटी ऐकाव्यात, कारण त्या संख्येने पुष्कळ आहेत आणि त्यांत माणूस हरवून जातो. पहिल्या खेपेला अक्षरांकडे न पाहता नुसते ऐकावे. घरात साठीच्या पुढची बाई असेल तर हेडफोन लावू नये.